सोया सॉसचा एक चमचा आणि कढईतली वाफ

सोया सॉसच्या बाटलीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्यात सोडियमची ओळ शोधा. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. मिठात मोजलं तर ५ ग्रॅम, जेमतेम एक छोटा चमचा. आता दोघांपुरत्या स्टर-फ्रायची, म्हणजे मोठ्या आचेवर भराभर परतलेल्या भाजी-मांसाची, एखादी पाककृती घ्या. तीन मोठे चमचे सोया सॉस आणि दोन मोठे चमचे ऑइस्टर सॉस, असं प्रमाण सर्रास दिसतं. पहिल्यातून २७००, दुसऱ्यातून हजाराच्या आसपास. म्हणजे ताटात माणशी १८५०. भाज्या ताज्या, तेल बेताचं, चिकन बिनचरबीचं, आणि तरीही दिवसभराचं मीठ एका जेवणात आटोपलं.

आशिया हा केवढा तरी खंड. पण स्वयंपाकाच्या गप्पांत ‘एशियन डिनर’ म्हटलं की बहुतेकदा चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम आणि थायलंड एवढ्यांबद्दलच बोलणं चाललेलं असतं. मीही इथे तेवढ्याच अर्थानं बोलतोय. या स्वयंपाकांत भाज्या भरपूर, मांस तोंडी लावण्यापुरतं, दुधा-लोण्याचा वापर जवळपास नाही आणि सोयाबीन दहा रूपांत. हे सगळं चांगलंच आहे. पण म्हणून ते आपोआप पथ्याचं होत नाही. जपानी माणसाच्या पोटात आजही रोज सरासरी १० ग्रॅमच्या आसपास मीठ जातं, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. तिथल्या नागानो प्रांतात हिवाळ्यासाठी भाज्या खारवून ठेवायची रीत, आणि एके काळी पक्षाघातानं दगावणाऱ्यांचं प्रमाणही तिथे फार मोठं होतं. मग गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन मिसो सूपचा (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) खारटपणा मोजला आणि नूडल्स खाल्ल्यावर वाडग्यातलं सूप सगळं पिऊ नका, असं वर्षानुवर्षं सांगितलं. २०१० च्या आकडेवारीत स्त्रिया आणि पुरुष दोघांच्याही आयुर्मानात नागानो जपानमध्ये पहिला आला. त्यामागे मीठ हे एकच कारण नसेल, पण तिथल्या लोकांनी काम सुरू केलं ते मिठापासून.

आपल्या घरात हे मीठ वाढतं कशामुळे? माझं मत असं की चटकदार खायच्या हौसेपेक्षा कढईतल्या चुकीमुळे ते जास्त वाढतं. भाजीला पाणी सुटतं, चव पातळ होते, आणि ती सावरायला आपण बाटली उपडी करतो.

आवाज बदलला की समजायचं

माझं पहिलं स्टर-फ्राय असंच झालं होतं. कोबी, ढोबळी मिरची, गाजर, मशरूम, सगळं मिळून अर्धा किलोच्या वर. तेल तापलं आणि मी ती परात अख्खी कढईत रिकामी केली. दोन-तीन सेकंद झकास ‘चर्र’ झालं. मग आवाज बदलला. चर्रचं चुरचुर, चुरचुरचं बुडबुड, आणि पाच मिनिटांनी कढईच्या तळाशी राखाडी पाण्याचं तळं. त्यात सोया सॉस घातला, पुरेना म्हणून आणखी घातला, पाणी दाट व्हावं म्हणून कॉर्नफ्लोअर घातलं. शेवटी जे झालं ते खारट सूप होतं आणि त्यात शिजून मऊ पडलेल्या भाज्या.

चूक कुठे होती, याचा हिशेब सोपा आहे. बहुतेक भाज्यांत वजनाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. उकळीला आलेल्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २२६० ज्यूल उष्णता लागते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर ३ किलोवॉटचा धरला, तरी त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता कढईच्या बाजूंनी हवेत निघून जाते. भांड्यात १.२ किलोवॉट पोचली असं समजू. त्या हिशेबानं १०० ग्रॅम पाणी उडवायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. अर्धा किलो भाजी एकदम घातली तर १०० ग्रॅम पाणी सहज सुटतं, आणि जोवर ते कढईत आहे तोवर भाजीचं तापमान १०० अंशांवर अडकून पडतं. भाजलेली, खमंग चव ज्या रासायनिक क्रियेतून येते ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. म्हणजे वरून आपण परतत असलो तरी आत चाललेलं असतं उकडणं.

हॉटेलातल्या वोकखालची, म्हणजे गोल बुडाच्या चिनी कढईखालची, ज्वाला घरच्या बर्नरच्या कितीतरी पट मोठी असते. तिथे सुटलेलं पाणी सुटता सुटताच उडतं आणि उडालेल्या तेलाचे थेंब ज्वाळेत पेटून एक धुरकट वास धरतात. कँटनी लोक त्याला ‘वोक हेई’ म्हणतात, वोकचा श्वास. तो घरच्या शेगडीवर जसाच्या तसा मिळत नाही. त्याच्या मागे लागू नये, असं मला वाटतं. घरी करता येतं ते एवढंच की आचेला झेपेल तितकीच भाजी घालायची.

मी एका वेळी पाव किलोच्या वर भाजी टाकत नाही. एक घाणा परतून ताटलीत काढायचा, कढई पुन्हा सणसणीत तापू द्यायची, मग दुसरा. धुतलेली भाजी पंचावर पसरून चांगली कोरडी करायची, कारण पानांना चिकटून येणारं पाणीही त्याच हिशेबात धरलं जातं. मशरूम एकटे परतायचे. ते आधी पाणी सोडतात आणि ते आटल्यावरच रंग धरतात. मीठ किंवा सॉस सुरुवातीला घालायचा नाही, कारण मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढून काढतं. ब्रोकोली, फरसबी, गाजर अशा कडक भाज्यांना चिनी स्वयंपाकात आधी उकळत्या पाण्यातून अर्धा-एक मिनिट काढतात आणि निथळून मगच परततात. यात क जीवनसत्त्व थोडं पाण्यात जातं. पण आतून कच्ची, बाहेरून करपलेली ब्रोकोली मुलं बाजूला काढून ठेवतात, त्यापेक्षा हे परवडलं.

घरचा बर्नर लहान असेल तर गोल बुडाच्या वोकपेक्षा रुंद, सपाट, जड बुडाचा तवा किंवा पॅन जास्त चांगलं काम देतो. गोल बुडाला ज्वाला फक्त मधोमध लागते आणि बाकीची भाजी नुसती कडेला बसून राहते. हे ऐकून जाणकार मंडळी नाकं मुरडतात. मुरडू द्या.

तेलाबद्दल एकच. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, म्हणून बाटलीतून धार न सोडता चमच्यानं मोजून घालावं. दोघांच्या भाजीला एक ते दीड चमचा पुरतो. भाजलेल्या तिळाचं तेल यात धरू नका. त्यात परतायचं नसतं. गॅस बंद केल्यावर वासापुरते चार थेंब घालायचे. मोठ्या आचेवर त्याचा वास तर उडतोच, वर कडवटपणा येतो.

थोडंसं मांस, पुष्कळसं वाटणारं

या स्वयंपाकांत दोनशे-अडीचशे ग्रॅम चिकन दोघा-तिघांना पुरतं, कारण ते बोटाएवढ्या पातळ कापांत भाजीभर पसरलेलं असतं. प्रत्येक घासाला एखादा तुकडा आला की मन भरतं. पण पातळ काप मोठ्या आचेवर पटकन कोरडे पडतात, आणि कोरड्या मांसावर पुन्हा सॉस ओतला जातो. चिनी स्वयंपाक्यांनी त्यावर काढलेला उपाय फार हुशारीचा आहे. पाव किलो कापांना एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा पाणी, एक छोटा चमचा तेल आणि सोया सॉसचा एक शिंतोडा चोळून वीस मिनिटं ठेवायचे. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर आतलं पाणी धरून ठेवतो. मांस जरा चिवट असेल तर आधी पाव छोटा चमचा खायचा सोडा लावून पंधरा मिनिटांनी धुऊन टाकायचं. सोड्यानं वरचा थर अल्कधर्मी होतो, मग तापल्यावर प्रथिनांचे धागे एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि तुकडा मऊ राहतो. धुवायचं मात्र विसरू नका. सोड्यातही सोडियम असतं, शिवाय राहिला तर साबणासारखी चव येते.

मांस नको असेल तर टोफू आहेच. सोयाबीनचं दूध ‘निगारी’नं, म्हणजे मुख्यत्वे मॅग्नेशियम क्लोराइडनं, किंवा कॅल्शियम सल्फेटनं साकळवून तो करतात. दुसऱ्या पद्धतीचा टोफू घेतला तर कॅल्शियमही बरंच मिळतं, म्हणून घटकांची यादी वाचून घ्यावा. टोफू बेचव असतो अशी तक्रार करणारे बहुधा तो पाण्यातून काढून थेट कढईत टाकतात. हलक्या मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवला आणि मग फडक्यावर निथळला की वरचा थर आवळून कोरडा होतो आणि छान तांबूस परतला जातो. आणखी एक युक्ती आहे, फ्रीजरमध्ये गोठवायची. आतल्या पाण्याचे बर्फाचे खडे होऊन त्यांच्या जागी पोकळ्या तयार होतात. विरघळल्यावर पिळून काढला की तो स्पंजासारखा रस पितो. पहिल्यांदा केलं तेव्हा टोफूचा रंग पिवळट झालेला पाहून मी तो वाया गेला असं समजलो होतो. तसं काही नाही, बाहेर विरघळला की तो पुन्हा पांढरट होतो.

खारट नव्हे, भरीव

१९०८ मध्ये तोक्यो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला की कोंबू या समुद्री वनस्पतीच्या सुपाला जी चव येते ती गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी एकीतही बसत नाही, मग ती आहे तरी काय? त्यांनी कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या बोनिटो माशात याच जातीचा दुसरा पदार्थ सापडला, इनोसिनेट. पुढे अकिरा कुनिनाका यांनी वाळवलेल्या शिताके अळंब्यांतलं ग्वानिलेट दाखवून दिलं आणि आपल्या कामाची खरी गोष्ट त्याच संशोधनातून बाहेर आली: ग्लुटामेट आणि बाकी दोघांपैकी एक असे एकत्र आले की चव बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते.

जपानी ‘दाशी’ हा रस्सा याच गुणाकारावर उभा आहे. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू तासभर भिजवायचा, मंद आचेवर तापवायचा, उकळी फुटायच्या आधी काढून घ्यायचा (उकळला तर बुळबुळीत आणि उग्र होतो), मग बोनिटोचे पापुद्रे घालून दोन मिनिटांत गाळून घ्यायचं. शाकाहारी लोकांनी पापुद्र्यांऐवजी वाळकी शिताके रात्रभर फ्रिजमध्ये थंड पाण्यात भिजवून ते पाणी वापरावं. हा रस्सा चाखून पाहा: मीठ घातलेलं नसतं, तरी जिभेवर भरीव लागतो. आणि इथेच मिठाचा प्रश्न बराचसा सुटतो. कारण जी चव आपण सोया सॉसमध्ये शोधत असतो, तिचा निम्मा भाग खारटपणाचा नसतोच, उमामीचा असतो. ती रश्श्यातून आली की बाटलीचा हात आखडता घेता येतो.

मग त्या पांढऱ्या भुकटीचं, मोनोसोडियम ग्लुटामेटचं काय? इकेदांच्या शोधातून ती १९०९ पासून ‘अजिनोमोटो’ या नावानं विकली जाऊ लागली. तिची बदनामी सुरू झाली १९६८ मध्ये. अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं, की चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो आणि धडधडतं. त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, मीठ अशा बऱ्याच शक्यता मांडल्या होत्या. त्यांतच ही भुकटीही होती, आणि लोकांनी तेवढी एकच उचलली. नंतर कोणाला काय दिलंय हे लपवून घेतलेल्या चाचण्यांत तो परिणाम सातत्यानं दिसला नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन तिला मीठ आणि बेकिंग पावडरच्याच रांगेत, सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतं. उपाशीपोटी ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतली तर काहींना तात्पुरता त्रास होऊ शकतो, पण घरच्या एका भाजीत एवढी कोणी घालत नाही. गंमत म्हणजे वजनाच्या मानानं तिच्यात सोडियम १२ टक्के, तर मिठात ३९ टक्के. एक ग्रॅम मिठाऐवजी अर्धा ग्रॅम मीठ आणि अर्धा ग्रॅम ही भुकटी घातली, तर सोडियम ३९० वरून २५५ मिलिग्रॅमवर येतं. मी वापरतो. ज्यांना नको त्यांनी वापरू नये. टोमॅटो, मशरूम आणि कोंबूतही ग्लुटामेट तेच असतं.

बाटल्यांची ओळख

सगळ्यात मोठी फसगत ‘लाइट’ या शब्दानं होते. लाइट सोया सॉस म्हणजे रंगानं फिका. मीठ कमी असलेला नव्हे. उलट जपानचा फिका सोया सॉस नेहमीच्या गडद सॉसपेक्षा जास्त खारट असतो. चिनी डार्क सोया सॉस मुख्यत्वे रंगासाठी असतो आणि जरा गोडूस लागतो. मीठ खरंच कमी हवं असेल तर ‘लेस सोडियम’ असं स्पष्ट लिहिलेली बाटली घ्यायची आणि तरीही मागचा तक्ता वाचायचा.

फिश सॉस सगळ्यांचा बाप. एका मोठ्या चमच्यात १४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणून तो छोट्या चमच्यानंच मोजायचा. थाई आणि व्हिएतनामी स्वयंपाकात त्याच्यासोबत लिंबाचा रस हटकून असतो, आणि आंबटपणामुळे कमी मीठही पुरेसं वाटतं. मिसो गॅस बंद केल्यावर थोड्या रश्श्यात कालवून घालायचा. उकळला तर त्याचा सुवास जातो. होइसिन आणि तेरियाकी या तयार सॉसमध्ये मिठाबरोबर साखरही भरपूर. नारळाच्या घट्ट दुधाच्या ४०० मिलिलिटरच्या डब्यात ७० ग्रॅमच्या आसपास फॅट असतं, त्यातलं बहुतेक संपृक्त. थाई करी चौघांत एक डबा घालून करावी, दोघांत नव्हे.

दोघांच्या भाजीसाठी माझा ठरलेला सॉस असा: एक मोठा चमचा सोया सॉस, तीन मोठे चमचे दाशी किंवा शिताके भिजवलेलं पाणी, एक छोटा चमचा तांदळाचं व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर. आलं, लसूण आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग तेलात अर्धा मिनिट परतायचा, सगळे घाणे परत कढईत घालायचे आणि सॉस ढवळून कडेनं सोडायचा. कॉर्नफ्लोअरचे कण ६५-७० अंशांच्या सुमारास पाणी पिऊन फुगतात, म्हणून एक उकळी येऊ द्यायची. लगेच सॉस चमकदार होऊन प्रत्येक तुकड्याला बिलगतो. हे बिलगणंच महत्त्वाचं, कारण तळाशी साचलेला सॉस जिभेपर्यंत पोचतच नाही. माणशी सोडियम ४५० मिलिग्रॅमच्या जवळपास, सुरुवातीच्या ताटाच्या पाव भागाएवढं.

यासोबत साधा, मीठ न घातलेला भात. या स्वयंपाकांत भात अळणी असतो तो याच कारणानं, खारट त्याच्याभोवती असतं. फ्राइड राइस केला की दोन्ही खारट होतात. त्यासाठी आदल्या दिवशीचा भात घेतात, कारण थंड झालेली शितं सुटी राहतात. मात्र तो रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा परतलं तरी टिकून राहतं. भात पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

दमून घरी आल्यावर घाणे काढत बसायचा कंटाळा येतो, तेव्हा मी कढई परतायला नाही, वाफवायला घेतो. माशाचे दोन सेंटिमीटर जाडीचे दोन काप किंवा मऊ टोफूची वडी ताटलीत ठेवायची, खाली आल्याचे काप घालायचे आणि झाकण लावून आठ मिनिटं. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं, वर पातीचा कांदा आणि आलं अगदी बारीक चिरून ढीगभर घालायचं, एक चमचा सोया सॉस सभोवार सोडायचा. मग छोट्या कढल्यात चमचाभर तेल धूर येईपर्यंत तापवून त्या हिरव्या ढिगावर ओतायचं. या वेळी ‘चर्र’ मधेच बदलत नाही.